आजार बदलू नका, माणूस बदला

औसा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“माझ्या सासऱ्यांना, आमच्या मामांना, अकरा वर्षांपासून पार्किन्सन आहे. त्यावरून कादंबरी लिहायला घेतली. १३० पानं झाली. मामांवरून लिहिलंय हे गावाला कळू नये म्हणून दादारावांची, म्हणजे नायकाची, लक्षणं बदलली आणि मोबाइलवर वाचून दुसरी घातली. बाकी माणूस मामांसारखाच, शेतकरी. बहिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली, ‘पहिल्या पंचवीस पानांत रडू आलं, मग कंटाळा आला. दवाखाना, रडणं, परत दवाखाना.’ मामा आजाराच्या किती तरी आधीपासून पहाटे झोपेत ‘पळा, पळा’ म्हणून ओरडायचे. ते भूकंपाच्या आठवणींमुळं, असं लिहून एका ओळीत उरकलंय. डॉक्टरी माहिती किती घालावी? शेवटी दादाराव जातात, ते बरोबर आहे का? आणि मिस्टर म्हणतात, घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस. काय करू?”

सोबत तिसरं प्रकरण पाठवलंय.

ताई,

प्रकरण वाचलं. भाकरी थापता थापता सासूबाई आतल्या खोलीचा कानोसा घेतात आणि मधेच थापायच्या थांबतात, ती जागा अस्सल आहे. ती घरातून आलेली आहे. जे मोबाइलवरून आलंय तिथं कादंबरी पडते. ओळख लपवायला तुम्ही आजार बदललात आणि माणूस तोच ठेवलात. हे उलटं करायला हवं. आजार मामांचा जसाच्या तसा ठेवा, माणूस पार बदला.

आधी चुका सांगते, म्हणजे मी असं का म्हणते ते कळेल. तुमच्या दादारावांचा हात चहाची बशी उचलली की थरथरतो आणि मांडीवर ठेवला की शांत होतो. हा वेगळ्या कंपाचा नमुना आहे. तो पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत असतो, त्याला पार्किन्सन म्हणत नाहीत. पार्किन्सनची थरथर बहुधा हात रिकामा पडलेला असताना दिसते. अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी फिरत राहतात, सेकंदाला ४ ते ६ वेळा. हात बशीकडे गेला की ती विझते, आणि बशी धरून काही क्षण झाले की पुन्हा डोकावते. सुरुवात एका बाजूनं होते आणि पुढं दोन्ही बाजू धरल्या तरी पहिली बाजू जास्तच राहते. काहींना थरथर नसतेच, नुसता ताठपणा आणि संथपणा असतो. मामांचं कसं आहे ते तुम्ही अकरा वर्षं डोळ्यांनी बघताय. तेच लिहा.

दुसरी चूक त्याच प्रकरणात आहे. दुसऱ्याच वर्षी दादाराव नातीला ओळखत नाहीत. पार्किन्सनमध्ये स्मृती आणि समज ढासळू शकते, पण ते बहुधा कैक वर्षांनी. अंग आखडणं आणि बुद्धी ढळणं एका वर्षाच्या आत सोबत आलं, तर डॉक्टर लुई बॉडी डिमेन्शियाचा विचार करतात. तो निराळा आजार, त्याची कादंबरीही निराळी. मामांचा चेहरा निर्विकार झालाय, पापण्या कमी लवतात, आवाज खाली गेलाय, म्हणून लोकांना वाटतं यांना कळत नाही. त्यांना सगळं कळतं. तुमच्या पुस्तकाचं अर्धं दुःख या गैरसमजात आहे आणि नातीला विसरायला लावून तुम्ही ते घालवलंत.

तिसरी गोष्ट. दादारावांचा मुलगा रात्री स्वतःचा हात दिव्यापुढं धरून बघतो. भीती म्हणून ठेवा, भीती कुणालाही वाटते. पण कथानक त्यावर उभं करू नका, कारण बहुतेक पार्किन्सन बापाकडून मुलाकडं सरळ येत नाही. वारशाचं सावटच हवं असेल तर तो मेंदूचाच दुसरा विकार, हंटिंग्टनचा आजार. तिथं आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता. ज्या जनुकात दोष असतो तो १९९३ मध्ये सापडला, त्यामुळं तपासणी करून आधीच कळू शकतं. करावी की नाही यावर घर दुभंगतं. लिसा जिनोव्हा या मेंदूशास्त्र शिकलेल्या लेखिकेनं ‘इनसाइड द ओ’ब्रायन्स’ (२०१५) ही कादंबरी याच पेचावर उभी केली आहे: बोस्टनचा पोलीस आणि त्याची चार मुलं. तो पेच तुमच्या घराचा नाही. सोडून द्या.

आता माणूस बदलायचा म्हणजे काय. मामा शेतकरी, तर नायक दुसरं काहीतरी करणारा घ्या, आणि असं काम द्या जे हा आजार नेमकं हिरावून घेतो. टाळकरी घेतला तर आवाज जातो. शिंपी घेतला तर सुईत दोरा जात नाही. मला विचाराल तर निवृत्त गुरुजी घ्या, ते जग तुमचं आहे. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं. ओळीच्या सुरुवातीला बरं, शेवटी मुंगीएवढं. ज्यांनी तीन पिढ्यांना पाटीवर कित्ता गिरवायला लावला त्यांची सही बँकेत जुळत नाही, आणि खिडकीमागचा पोरगा म्हणतो, “गुरुजी, अंगठाच द्या.” तो पोरगा त्यांचाच विद्यार्थी निघाला तर फार होईल, तो मोह टाळा. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतानाही हाच प्रसंग येतो, म्हणजे वर्षाला एकदा आपोआप परत येणारी खूण मिळाली. घरच्यांनी मात्र त्यांना शाळेची दोन रेघी वही आणून द्यावी. रेघा दिसल्या की अक्षर थोडा वेळ मोठं राहतं, हे खरं आहे आणि पानावर फार सुंदर दिसेल.

बहिणीला कंटाळा का आला, ते तुमच्या आराखड्यात दिसतं. तुमची कादंबरी एकाच दिशेनं जाते, उतारानं. पार्किन्सन वर्षांच्या हिशेबानं उतरतो, पण दिवसाच्या हिशेबानं चढतो-उतरतो. सुरुवातीच्या काळात लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाची, गोळी दिवसभर बऱ्यापैकी पुरते. पुढं एका गोळीचा अंमल तीन-चार तासांवर येतो, कधी त्याहून कमी. घराच्या भाषेत ‘गोळी चढली’ आणि ‘गोळी उतरली’. नऊ वाजता विहिरीपर्यंत जाऊन आलेला माणूस साडेअकराला सदऱ्याचं बटण लावू शकत नाही. शेजारी दोन्ही बघतात आणि म्हणतात, सोंग करतोय. पुढं पुढं घरातल्यांच्याही मनात येतं. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन आहे, त्यामुळं प्रमाणपत्र मिळू शकतं. तपासणीच्या रांगेत गोळी चढलेली असताना नंबर लागला, गुरुजी टुकटुकीत चालत आत गेले आणि समोरचा म्हणाला, “तुम्ही तर चांगले चालता की!” आता घरी आलेल्या सुनेच्या मनात काय असेल? इथं कुणी रडत नाही, कुणी मरत नाही, आणि पान उलटावंसं वाटतं.

म्हणून पहिलं काम वेळापत्रकाचं. फुलस्केपवर चार रकाने आखा. पहिल्यात वेळ, पहाटे चार ते रात्री अकरा, अर्ध्या अर्ध्या तासानं. दुसऱ्यात गुरुजींचं अंग: गोळी कधी घेतली, कधी चढली, कधी उतरली. तिसऱ्यात जवळ कोण आहे. चौथ्यात त्या माणसाचं कोणतं काम राहिलं. हा चौथा रकाना मन लावून भरा. साडेदहाला बटण लागेना, सासूबाई तिथं अडकल्या, शेतीची लाइट आली होती, मोटार चालू करायची राहिली. दुपारच्या गोळीला घरात कुणीच नव्हतं कारण सोयाबीनची काढणी चालू आहे. टँकर आला तेव्हा गोळी उतरलेली होती आणि घागरी भरायला जाणारा एकटाच माणूस गुरुजींना धरून उभा होता. असे तीन कागद करा: आजाराचं पहिलं वर्ष, पाचवं, अकरावं. त्याच घरातले, त्याच महिन्यातले. प्रकरणं त्यातूनच निघतील.

गोळी आणि जेवण यांचं वैर तुम्हाला माहीत असेलच, पण ते प्रकरणात कुठंच नाही. लेव्होडोपा आतड्यातून आणि पुढं मेंदूत ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेनं डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनंही जातात. गर्दी झाली की गोळी मागं राहते. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घ्यायला सांगतात. बद्धकोष्ठ असेल तर ती आणखी उशिरा लागू पडते. आता वेळ अमावस्या घ्या. सगळं गोत शेतात, लक्ष्मीची पूजा, मग भज्जी, आंबील, खीर. भज्जीत कडधान्यं भरपूर. कामाच्या गडबडीत गोळी जेवणासोबत दिली गेली. तीन वाजता गुरुजी कडब्याच्या कोपीतून उठायला गेले आणि उठता येईना. आजूबाजूला चाळीस माणसं, नांगरटीची ढेकळं, बैलगाडी दूर. आग्रह करकरून वाढणारी बाई कोण होती, हे तुम्ही ठरवा. लातूर-धाराशिवकडच्या वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही, आणि नाशिककरालाही त्यातून गोळी कळेल.

उंबऱ्याचा प्रसंग तुम्ही लिहिलाय, पण “दादारावांना फ्रीझिंग झालं” असं एका वाक्यात. शब्द डॉक्टरांचा आहे. घरात ते असं दिसतं:

गुरुजी उंबऱ्याशी आले. उजवी टाच उचलली गेली, बोटं फरशीला चिकटलेलीच. मागून बाईंनी, त्यांच्या बायकोनं, दंड धरला, “चला की आता.” खांदे पुढं गेले, पाय तिथंच. नातवानं दप्तर टाकलं, दारामागची तुराटी घेतली अन् उंबऱ्याच्या अलीकडं आडवी ठेवली. “आबा, तुराटी ओलांडा.” गुरुजींनी तुराटी ओलांडली, त्याच झोकात उंबराही.

दार, वळण, अरुंद बोळ इथं पाय खिळतात. ओढलं तर वरचं अंग पुढं जातं, पाय मागं राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. समोर आडवी रेघ किंवा काठी दिसली, ‘एक-दोन, एक-दोन’ मोजलं, तर पाऊल सुटतं. ढकलणं हे प्रेमानं होतं आणि त्यानंच पाडलं जातं, हे लेखकाला सोन्यासारखं आहे. फक्त घर कुठलं ते नीट ठरवा. किल्लारीच्या पट्ट्यात गोष्ट ठेवलीत तर माळवद, ढाळज, उंच उंबरा असं सरसकट घालू नका. १९९३ च्या भूकंपानंतर तिथली कितीतरी गावं नव्या जागी, नव्या घरांत गेली.

आणि आता ती ओळ, जी तुम्ही उरकलीत. ताई, तुमच्या १३० पानांतली सगळ्यांत मोलाची गोष्ट तीच आहे.

स्वप्नाच्या झोपेत एरवी आपलं अंग लुळं पडलेलं असतं. काही जणांत हा लगाम सुटतो. मग ते स्वप्न अंगानं करू लागतात: ओरडतात, लाथा झाडतात, शेजारी झोपलेल्याला मारतात. अशी झोप लागणाऱ्या पुष्कळांना पुढं पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो, कधी दहा-पंधरा वर्षांनी. स्वप्नाची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, म्हणून हे पहाटेकडं होतं. आणि भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीची रात्र सरताना. घरानं, गावानं, खुद्द मामांनी ते ओरडणं भूकंपाच्या खाती टाकलं असेल तर त्यात कुणाचीच चूक नाही. भूकंपाची वाईट स्वप्नं पडणारी माणसंही खरीच आहेत, आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतं. आत्यांना, म्हणजे तुमच्या सासूबाईंना, एवढंच विचारा की ओरडण्याचा विषय बदलायचा का. कधी भिंत पडते, कधी कुत्रं अंगावर येतं, कधी चोर शिरतो, आणि हलवून उठवलं की चटकन भानावर येऊन स्वप्न सांगतात, असं असेल तर तुमची कादंबरी आजार कळण्याच्या किती तरी वर्षं आधी सुरू होते. समजा, मार लागतो म्हणून गुरुजींच्या बाई बाज सोडून खाली अंथरूण घालू लागल्या. गावानं त्याचा अर्थ नवरा-बायकोचं पटत नाही असा लावला. त्यांनीही कधी खुलासा केला नाही. हे प्रकरण दवाखान्याच्या सगळ्या पानांपेक्षा मोठं होईल. त्याच सुमारास वासही जाऊ लागतो. फोडणी करपली तरी गुरुजींना कळत नाही, असं एखाद्या वाक्यात, जाता जाता.

डॉक्टरी माहितीचं माप सोपं आहे: घरातलं कुणी तोंडानं बोलणार नाही असं वाक्य ठेवू नका. ‘डोपामिन’ हा शब्द पुस्तकात एकदा आला तर पुरे, तोही डॉक्टरच्या तोंडी. दवाखान्याचे पाच प्रसंग आहेत, एक ठेवा. त्यात डॉक्टर अंगठा-तर्जनी भराभर आपटायला लावतात आणि आपटण्याचा पल्ला आखडत जातो. मागं उभं राहून खांद्यांना झटका देतात, माणूस सावरतो की मागं जातो ते बघतात. निदान बहुतेक असंच, बघून होतं. एमआरआय बऱ्याचदा साधारण येतो. “एवढे पैसे घातले अन् रिपोर्ट नॉर्मल” ही घराची चिडचिड तो प्रसंग जिवंत ठेवेल.

दवाखान्याबाहेर काय बिघडतं, त्यात जास्त कथा आहे. चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने घेतलेल्या काही गोळ्या, उदाहरणार्थ सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, स्वतःच पार्किन्सनसारखी लक्षणं आणतात आणि असलेला आजार वाढवतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही तसंच. भावकीतल्या कुणी मायेनं खाजकुइलीच्या बियांची पूड आणून दिली तर तिच्यात नैसर्गिक लेव्होडोपा असतं. गोळीवर ती पडली की मात्रा वाढते, अंग साप वळवळल्यासारखं हलू लागतं आणि कुणी म्हणतं, अंगात आलंय. गिळता येत नाही म्हणून सुनेनं हळूहळू विरघळणारी गोळी खलबत्त्यात कुटली, तर सहा तासांचं औषध एकदम सुटतं. गोळी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. आणि प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल या जातीच्या, पार्किन्सनवरच्याच औषधांनी काही शहाण्यासुरत्या माणसांना जुगाराचा, खरेदीचा, कामवासनेचा झपाटा लागतो. आयुष्यभर काटकसर केलेले गुरुजी लॉटरीची तिकिटं उशीखाली लपवू लागले तर घर त्यांच्या चारित्र्यावर बोट ठेवेल, गोळीवर नाही. डॉक्टरांनी डोस बदलला की ते थांबूही शकतं, पण बोललेले शब्द परत येत नाहीत. यातलं एकच घ्या, फार तर दोन. सगळं एका घरावर लोटलंत तर वाचक विश्वास ठेवणार नाही.

शेवटाचं विचारलंत. मृत्यू चुकीचा नाही: गिळताना अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया, पडून मोडलेलं खुब्याचं हाड, ही खरी कारणं आहेत. पण कितीतरी जण हा आजार सोबत घेऊन पुष्कळ वर्षं जगतात, आणि तुमचे मामा जिवंत आहेत. जोनाथन फ्रान्झन यांच्या ‘द करेक्शन्स’ (२००१) मध्ये बापाला पार्किन्सन आहे, पण पुस्तक ओढून नेतो तो आईचा हट्ट: तिन्ही मुलांनी एक शेवटचा नाताळ घरी करावा. नक्कल नको. तुमच्या पुस्तकातल्या बाईंनाही आजाराशी संबंध नसलेलं काहीतरी हवं असायला हवं, एवढंच त्यातून घ्या. सध्या त्या फक्त सेवा करतात. त्यांना पंढरपूरला जायचं असेल, माहेरच्या वाटणीत सही द्यायची नसेल, डोळ्याचं ऑपरेशन तीन वर्षं लांबलं असेल. ते मिळालं किंवा कायमचं हुकलं, तिथं पुस्तक थांबवा.

राहिलं मिस्टरांचं. त्यांचं म्हणणं झटकू नका, आपल्याकडं आजारापेक्षा आजाराची चर्चा जास्त लागते. पण परवानगी त्यांच्याकडं मागायची नाही, मामांकडं मागायची. सकाळची गोळी घेतल्यावर साधारण तासाभरानं, अंग मोकळं असताना, शेजारी दुसरं कुणी नसताना बसा. टीव्ही बंद करा, आवाज लहान आहे, ऐकू यायला हवा. प्रश्न विचारला की थांबा. उत्तर यायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात दुसरा प्रश्न टाकतो. “लिहू का?” असं नका विचारू, त्याला ते भिडेखातर हो म्हणतील. “काय लिहू नको?” असं विचारा. न्हाणीघर आणि अंथरूण या दोन गोष्टी आत्यांच्याही आहेत, त्यामुळं ती पानं आधी त्यांना वाचून दाखवा. पूर्ण हस्तलिखित भावकीत फिरवू नका. डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला एकच प्रसंग वाचायला द्या, वेळ अमावस्येचा. तीस पानं घेऊन गेलात तर वाचणार नाहीत, तीन पानं वाचतील.

मामांनी नको म्हटलेला प्रसंग काढून टाका. तो कोणता होता, हे मिस्टरांनाही सांगू नका.